बिनऔषधाचे उंदीर

उंदराच्या लेंडीत जंतांची अंडी किती, हे मोजण्यात एखाद्या बाईची तीस वर्षं जाऊ शकतात, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तिच्या नवऱ्याचासुद्धा पहिली दहा वर्षं बसला नव्हता. पण गेली होती खरी. प्राणिशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, अगदी शेवटच्या खोलीत, खिडकीशी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई दिसली की समजायचं, हीच मोजणी मावशी. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहायचं. बाकी झाडून सगळे, तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा, तिला मावशीच म्हणायचे. सुरुवातीला तिला याचा राग यायचा. मग तिनं विचार केला, एवढा मोठा प्रोफेसर भाचा व्हायला आपणहून तयार आहे तर आपलं काय जातंय?

काम असं होतं. शहराबाहेर विभागाचं राखीव रान होतं. रानात रानउंदीर होते आणि उंदरांच्या पोटात जंत होते. संध्याकाळी पत्र्याचे लांबट पिंजरे मांडायचे, आत थोडा कापूस आणि एक चमचा दाणे घालायचे, आणि सकाळी उजाडता उजाडता जाऊन कोण कोण पाहुणे आलेत ते बघायचं. पाहुण्याच्या कानातला बिल्ला वाचायचा, त्याचं वजन करायचं आणि त्याला सोडून द्यायचं. जाताना तो मागं ज्या लेंड्या ठेवून जाई, त्या डबीत भरायच्या. त्या मिठाच्या दाट पाण्यात घोटल्या की अंडी वर तरंगतात. ती काचेवर घ्यायची आणि एकेक मोजायची. मोजून झालं की काच धुऊन टाकायची, कारण तासाभरात मीठ सुकतं आणि अंड्यांचा पार चुरा होतो. उरतो तो फक्त वहीतला आकडा, म्हणजे लिहिणाऱ्याचा शब्द.

आणि मावशीच्या शब्दाला तीस वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं. तिच्याकडे पदवी नव्हती, रूप यथातथाच होतं, गळा तर असा की ती गुणगुणायला लागली की नवरा उठून बाहेर जायचा. पण नजर! बाहेरून कुणी बडं माणूस विभाग बघायला आलं की सर त्याला मुद्दाम तळमजल्यावर आणायचे आणि म्हणायचे, "या मावशींच्या नजरेतून एक अंडं सुटत नाही." मावशी मान वर करायची नाही, पण ते वाक्य तसंच्या तसं घरी घेऊन जायची आणि जेवताना नवऱ्याला वाढायची.

नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन होतं. त्याची स्वतःची नजर पंचावन्नाव्या वर्षीच मंदावली, तेव्हापासून मावशी रोज कामावर निघायच्या आधी बारा सुयांत दोरा ओवून त्या गादीला टोचून ठेवायची. बारा सुया संपल्या की त्याचा हातशिलाईचा दिवस संपायचा. "सगळं जग माझं शिवण बघतं," तो म्हणायचा, "पण भोकातून दोरा कोण घालतं ते माझं मला माहीत."

त्या वर्षी सरांनी मोठं काम काढलं. जंतांवरचं एक औषध त्यांनी धरलं होतं, आणि रानातल्या उंदराला ते दिलं तर रानातले जंत आटोक्यात येतात, असं त्यांना जगाला दाखवायचं होतं. रानाच्या मधून एक ओहोळ जायचा. ओहोळाच्या अलीकडे सापडेल त्या उंदराला औषधाचा थेंब पाजायचा, पलीकडे सापडेल त्याला साध्या पाण्याचा. वर्षभरानं दोन्हीकडची अंडी ताडून बघायची. औषधाची बाजू सरांनी चष्मिषकडे दिली. चष्मिष म्हणजे डॉक्टरेट करणारी त्यांची विद्यार्थिनी. चष्मा असा जाड की आतले डोळे बटणाएवढे दिसत. पाण्याची बाजू मावशीकडे आली. ज्यानं त्यानं आपल्या बाजूचे पिंजरे मांडायचे आणि आपल्या बाजूची अंडी मोजायची. औषधाकडचे उंदीर ठणठणीत, पाण्याकडचे जंतांनी बेजार, हा निष्कर्ष सरांनी मनात लिहून टाकलाच होता. फक्त आकडे भरायचे राहिले होते.

थंडीच्या पहिल्या आठवड्यात मावशीला एका पिंजऱ्यात उंदरी मरून पडलेली सापडली. एवढीशी, पोटुशी, काडीसारखी ताठ. दाण्याचा कणसुद्धा शिल्लक नव्हता आणि कापूस कुरतडून खाल्लेला होता. नियमाप्रमाणे मावशीनं फॉर्म भरला. मृत्यूचं कारण : थंडी. पण तिच्या मनाला ते पटेना. कापूस खाणारी थंडीनं मेली म्हणायची की भुकेनं?

घरी तिनं ही गोष्ट सांगितली तेव्हा नवरा काज करत होता. सुई थांबवून तो म्हणाला, "एक चमचा? अगं, आपला जावई राहायला आला तर त्याला रात्रभरात एक चमचा वाढशील?"

"तो जावई आहे. हे उंदीर आहेत."

"तुझा जीव जावयापेक्षा उंदरांत जास्त आहे हे मी कुणाला सांगितलं नाही हो अजून."

दुसऱ्या दिवशी घरच्या डब्यातले गहू, सूर्यफुलाच्या बिया आणि तळाशी उरलेला बिस्किटांचा चुरा असं सगळं एका कापडी पिशवीत घालून मावशी रानात गेली आणि प्रत्येक पिंजऱ्यात चमच्याऐवजी मूठ टाकली. थंडी आहे तोवरच, असं तिनं स्वतःला बजावलं. पुढं थंडी गेली, मूठ राहिली. सकाळी पिंजऱ्यात दाणे उरले तर ती ते तिथंच बिळाच्या तोंडाशी ओतून यायची. पिंजरे आठवड्यातून चार दिवस मांडायचे असत. उरलेल्या तीन दिवसांत तिला उगीचच चुटपुट लागायची, मग ती संध्याकाळी एक चक्कर मारून बिळाबिळाशी मूठमूठ ठेवून यायची. यात खोटं म्हणून तिनं काही लिहिलं नाही बरं का. फॉर्मवर 'दाणे : एक चमचा' असं छापलेलंच होतं. तिथं पेन टेकवायला जागाच नव्हती, आणि ज्या रकान्यात लिहायचंच नाही त्यात माणूस खोटं कसं बोलणार? असा तिचा हिशेब. सोयीचा होता, पण होता.

एकदा फाटकापाशी सर समोरून आले. मावशीच्या हातात पिशवी, पिशवीतून गहू सांडतायत.

"काय मावशी, जावयांचा डबा का?" सर हसून म्हणाले. विभागात सगळ्यांना तिच्या नवऱ्याचा तो विनोद ठाऊक झाला होता.

"हो, वाट बघत असतील," मावशीही हसली. सर गाडीत बसून गेले. विषय संपला.

पण इकडे काचेखाली भलतंच सुरू झालं होतं. पाण्याकडच्या उंदरांची अंडी उतरायला लागली. चारशेची दोनशे, दोनशेची साठ. मावशीनं भिंग पुसलं. मिठाचं पाणी नव्यानं कालवलं. एकेक काच तीन तीनदा मोजली. साठाची पंधरा झाली. उंदीर तर असे गुबगुबीत आणि तकतकीत झाले होते की तोलायला पिशवीत घेतले की हाताला वजन लागायचं. ज्याचं पोट भरलेलं, तो पोटातल्या जंतांशी दोन हात करतो, एवढं साधं होतं ते. ओहोळाच्या अलीकडे मात्र औषध पोटात गेलं की जंत पडायचे आणि उपाशी उंदीर पुन्हा त्याच मातीत तोंड घालून नवे घेऊन यायचे. चष्मिषचे आकडे उतरायचे, चढायचे, उतरायचे, चढायचे.

मावशीला मनातून गुदगुल्या व्हायच्या. आपल्या मुठीनं औषधाच्या बाटलीला हरवलं, हे कळायला तिला पदवी लागत नव्हती. सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करता करता नऊ महिने लोटले आणि सरांनी दोन्ही बाजूंचे आकडे एका कागदावर मांडले.

सर डोंगर पोखरायला निघाले होते, आणि निघाला तो उंदीर, तोही बिनऔषधाचा. त्यांनी कागद उलटा धरून बघितला. चष्मिषला बोलावलं. मग म्हणाले, "हे शक्य नाही. पाणी पिऊन कुणी बरं होत नसतं. मोजण्यात चूक आहे."

आता, नेमकं दोन महिन्यांपूर्वी एक फजिती झाली होती. मावशीची लांबची नजर जरा अधू होती आणि लांबचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. व्हरांड्याच्या टोकाला खुंटीवर विभागप्रमुखांचा कोट अडकवलेला होता, वर त्यांची टोपी. मावशीनं लांबूनच "नमस्कार साहेब" केलं आणि साहेब बोलेनात म्हणून पुन्हा केलं. विभाग आठवडाभर हसत होता, आणि मावशीही हसली होती. आता सरांना तो कोट आठवला.

"मावशी, अलीकडे डोळे तपासून घेतलेत?" सरांनी अगदी हळुवार विचारलं.

कुणी मुस्कटात मारली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. "सर, मला लांबचं दिसत नाही. जवळचं मुंगीच्या मिशीसकट दिसतं."

"वयोमानानं होतं हो असं. त्यात काही कमीपणा नाही."

"कमीपणा कसा नाही? माझ्याकडे दुसरं आहे काय?" ती बोलून गेली. सरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि चौकशी समितीची तारीख सांगितली.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो व्यवहारी माणूस. "हे बघ," तो म्हणाला, "डोळे गेले म्हणाले तर तुला मानानं बाजूला बसवतील. दाणे टाकले म्हणालीस तर नियम मोडला म्हणून हाकलतील. तू आपली गप्प बस."

"म्हणजे चांगले डोळे असताना आंधळी म्हणवून घेऊ?"

"नाही तर स्वतःच्या तोंडानं गुन्हेगार म्हणवून घे. दोन्हींतलं एक निवड. तिसरं दुकान उघडलेलं नाही."

मावशीनं सुयांची गादी पुढं ओढली आणि बाराच्या बारा सुया, त्याही उद्याच्या, आजच ओवून टाकल्या. एकदाही दोरा चुकला नाही. "मी सांगणार," ती म्हणाली. "नोकरी गेली तर जाऊ दे. नजर माझी आहे, ती मी कुणाला देणार नाही."

"हात दाखवून अवलक्षण," नवरा पुटपुटला. पण समितीच्या दिवशी तिला सोडायला तो बसथांब्यापर्यंत आला.

समितीत तिघंजण होते. मध्ये एक अध्यक्षबाई, केस पांढरे, आवाज अगदी मायाळू. सर बाजूच्या खुर्चीत होते. मावशीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. उंदरी मेली तिथपासून बिळाशी ठेवलेल्या मुठीपर्यंत सगळं. डोळ्यांत दोष नाही, दोष माझ्या हाताचा आहे, तो सढळ आहे, जी शिक्षा करायची ती हाताला करा.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"घरून नेत होतात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो."

"नऊ महिने? सुट्टीच्या दिवशीसुद्धा?"

"हो."

"उंदरांना?"

"मग काय बाई, तुम्हाला?" मावशीच्या तोंडून निसटलं. पण बाई रागावल्या नाहीत. त्या हसल्या, आणि तिथंच मावशीनं ओळखलं की खेळ संपला. कुणी शहाणं माणूस असं करील, हे त्या खोलीतल्या कुणाच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. म्हातारीनं आपली नजर वाचवायला एक गोष्ट रचली, तीही बिचारीला धड रचता आली नाही, असंच त्यांना दिसत होतं.

"सर, तुम्हाला याची काही कल्पना होती?" बाईंनी विचारलं.

उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हे. सरांनी खाली बघितलं. मावशीनं दाणे टाकले असं ठरलं तर अख्खं काम वाया, आणि तुम्ही नऊ महिने काय झोपला होतात, हा प्रश्न सरांना. मावशीचे डोळे गेले असं ठरलं तर फक्त एका बाजूचे आकडे वाया. सर गणितात कधीच कच्चे नव्हते.

"माझ्या तरी पाहण्यात नाही," सर म्हणाले. "नियमाप्रमाणे एकच चमचा दाणे. फॉर्मवर छापलेलं आहे, बघा ना."

"सर!" मावशी म्हणाली. "फाटकापाशी... जावयांचा डबा..."

"काय म्हणतायत या?" एका सदस्यानं विचारलं. सरांनी खांदे उडवले.

"माझे डोळे तपासा," मावशीचा आवाज चढला. "आत्ता एक काच लावा. इथं, तुमच्यासमोर मोजते."

"कशाला उगीच तुम्हाला त्रास?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "माझ्या आईचीही दृष्टी अशीच गेली हो. तीही शेवटपर्यंत कबूल करत नव्हती." आणि त्यांनी मावशीचा हात हातात घेतला. शिव्या घातल्या असत्या तर मावशीनं चार परत घातल्या असत्या. मायेला काय उत्तर द्यायचं? विभागाच्या मोठ्या नोंदवहीत शाईनं लिहिलं गेलं : 'दृष्टिदोषामुळे पाण्याकडच्या सर्व नोंदी अग्राह्य.' खाली तिघांच्या सह्या, चौथी सरांची.

मावशीला एक पुष्पगुच्छ दिला आणि तिची बदली कोठीत केली. कोठीत काचेच्या नळ्या, चंबू आणि बरण्या रचून ठेवायच्या असत. तिथं नजरेचं काही काम नाही, असं सरांनी प्रेमानं समजावलं. ती घरी आली, गुच्छ बादलीत ठेवला आणि मोरीशी बसून रडली. नवऱ्यानं मशीन बंद केलं. त्याला विनोद सुचला असावा, पण त्यानं तो केला नाही.

पाण्याची बाजू आता चष्मिषकडे आली, आणि चष्मिष ही नियमाची पोरगी. एक चमचा म्हणजे एक चमचा, तोही वर बोट फिरवून सपाट केलेला. दोन महिन्यांत पाण्याकडच्या उंदरांची अंडी पंधरावरून तीनशेवर गेली. सर कागद नाचवत व्हरांड्यातून गेले. "बघा! डोळे बदलले, आकडे बदलले. सिद्ध झालं!"

मावशी कोठीच्या दारात बरणी पुसत उभी होती. चष्मिष मागून आली तेव्हा तिनं तिला थांबवलं. "पोरी, डोळे नाही गं बदलले. जेवण बदललं. वजनं बघितलीस का त्यांची?"

चष्मिषनं चष्मा नाकावर सरकवला. वजनं तिनं बघितली होती. काटा कुणाच्या डोळ्यांवर अवलंबून नसतो, आणि काटा म्हणत होता की मावशीच्या वेळचा चोवीस ग्रॅमचा उंदीर आता अठरावर आलाय. पण चष्मिषची डॉक्टरेट सरांच्या सहीवर अडकलेली होती. "मावशी, मी काय बोलू?" ती म्हणाली. मावशीनं तिला सोडून दिलं. तिला पोरीचा राग आला नाही. सरांचा मात्र आला, आणि तो तिनं नीट बरणीत घालून झाकण लावावं तसा जपून ठेवला.

मग सर एका परिषदेला गेले आणि पडका चेहरा घेऊन परत आले. दुसऱ्याच कुठल्या गटानं रानउंदरांना पोटभर खाऊ घातलं होतं आणि जंत कमी झाल्याचं भर सभेत दाखवलं होतं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! सरांच्या औषधाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. आठव्या दिवशी सर म्हणाले, "अन्नाचा मुद्दा तर मी केव्हापासून मांडतोय." आयत्या बिळात नागोबा कसा शिरतो ते विभागानं उघड्या डोळ्यांनी बघितलं, आणि कुणाला काही दिसलं नाही. तिथं कुणाच्याच डोळ्यांची तपासणी झाली नाही.

नवं काम सुरू झालं. चष्मिषनं दोन चमचे घालून बघितले. अंडी हटेनात. पाच घातले, तर निम्मे दाणे पिंजऱ्यात राहून बुरसले आणि दोन उंदीर हगवणीनं गेले. सहा, चार, तीन... चार महिने गेले, गणित बसेना. शेवटी एका सकाळी सर स्वतः कोठीत आले, उलट्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "मावशी, जरा वर या ना. तुमची मूठ मोजायची आहे."

खिडकीशी टेबलावर दाण्यांचं पोतं उघडून ठेवलं होतं. शेजारी काटा आणि वही. चष्मिष लिहायला बसली होती. मावशीचं जुनं स्टूल तिथंच होतं.

"भरा मूठ," सर म्हणाले. "तुम्ही टाकत होतात तशी. पन्नासदा करू, सरासरी निघेल."

मावशीनं पोत्यात हात घातला आणि थांबली. "कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे?"

"लंगडीला कमी लागायची, लंगडत का होईना, ती लवकर पोहोचायची आणि दुसऱ्याच्या वाट्याचंही खायची. पोटुशी असेल तिला दीड मूठ. तो कान फाटलेला आगाऊ होता, त्याला नुसत्या बिया, गहू तो लाथेनं उडवायचा. म्हातारीला भरडून घालत होते. कुणाची मूठ भरू?"

चष्मिषचं पेन वहीवर टेकलेलं तसंच राहिलं.

"आपली एखाद्या सरासरी उंदराची भरा," सर म्हणाले.

"सरासरी उंदीर मला तीस वर्षांत भेटला नाही, सर." मावशीनं हात पोत्यातच ठेवला. "पण एक सांगा. तुम्ही माझी मूठ मोजताय, म्हणजे मी दाणे टाकत होते हे तुम्हाला पटलं."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. "म्हणजे... तसं दिसतंय खरं."

"मग माझे डोळे ठीक होते."

"तो आता मुद्दा नाही, मावशी."

"माझा तोच मुद्दा आहे." तिचा आवाज चढला नाही. इतके महिने झाकून ठेवलेला राग पार मुरला होता. "मोठी वही आणा. जिथं मला आंधळी लिहिलंय त्याच्या खाली तुमच्या हातानं लिहा, की हे चूक आहे आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मग एकेका उंदराची मूठ भरून देते. कितीदा म्हणाल तितक्यांदा."

सरांनी बाकी सगळं देऊ केलं. खिडकीशी जागा परत देतो म्हणाले. नव्या लेखात आभार मानतो म्हणाले. अगदी पहिल्या पानावर नाव टाकतो म्हणाले, खरं नाव, हजेरीपटावरचं. मावशी नुसती मान हलवत राहिली. शेवटी चष्मिषच उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती जाऊन मोठी वही घेऊन आली आणि ते पान उघडून तिनं सरांपुढं ठेवलं.

सरांनी पानाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग टेबलावरचं काहीतरी उचलून, वहीवर पार वाकून, बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि वही चटकन मिटायला गेले.

"राहू दे उघडी," मावशी म्हणाली. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती आणि अक्षरं तिला उलटी होती. तिनं ती तिथूनच वाचली, चष्म्याशिवाय, एकेक वेलांटी मोजत. शब्द बरोबर होते. "सर, हे पेन्सिलीनं लिहिलंय."

त्या वहीत पेन्सिल चालत नाही, हे विभागात आलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात, कारण पेन्सिल खोडता येते. शिकवतात ते सरच.

"हाताशी पेन नव्हतं हो," सर म्हणाले.

"शर्टाच्या खिशात आहे. निळं. टोपणाला बारीक तडा गेलाय, क्लिपच्या मुळाशी."

चष्मिषनं मान पुढं काढून बघितलं. तिला तडा दिसेना. ती उठून जवळ गेली, तेव्हा दिसला. सरांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

मावशीनं मूठ सैल केली. दाणे परत पोत्यात पडले. "लिहा तुम्ही सावकाश," ती म्हणाली. "मला घाई नाही." आणि खिडकीशी जाऊन ती आपल्या स्टुलावर बसली.